नाव आमचं, पण आता सगळ्या गावाचं: ट्रेडमार्क असा हातातून निसटतो का?

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची आई नाशिकला पंचवटीत घरीच कोरडी लसूण-शेंगदाण्याची चटणी करते. जाडसर कुटलेली, तेलाचा हात नाही. आजी म्हणायची, "भाकरीवर नुसती भुरभुरली की झालं", म्हणून घरात तिचं नाव भुरभुरी. २०११ मध्ये आईने ती विकायला सुरुवात केली, तेव्हा तेच नाव स्टिकरवर छापलं. आता हाताखाली दोघी बायका आहेत. रविवार कारंजा, कॉलेज रोड, इंदिरानगर इथल्या दुकानांत माल जातो, काही मिसळवाल्यांकडेही जातो.

आज सकाळी मखमलाबादकडच्या एका मळ्यात मिसळ खायला गेलो. फलकावर शेवटची ओळ: "एक्स्ट्रा भुरभुरी १० रु." खाल्ली, तर आमची नाही. येताना एका दुकानात थांबलो. तिथे तीन वेगवेगळ्या लोकांची पाकिटं होती. एकावर "लसूण भुरभुरी", दुसऱ्यावर "गावरान भुरभुरी", तिसऱ्यावर "जवसाची भुरभुरी".

आई खूश आहे. म्हणते, नाव गाजलं. भाऊ तापलाय, सगळ्यांना नोटिसा पाठवायच्या म्हणतो. नोंदणी अजून केलेली नाही. माझा प्रश्न एवढाच, की नाव असं सगळ्यांच्या तोंडी बसलं तर ते आपलं राहतं का?

---

मिसळ_मास्तर | ९.५२

प्रश्न गंभीर आहे. पण आधी मळ्याचा पत्ता द्या.

---

खडूस | १०.०५

ताई, राग मानू नका. भुरभुरणे हे क्रियापद तुमच्या आजीच्या पणजीच्याही आधीचं आहे. उद्या कोणी "कुरकुरीत"वर हक्क सांगेल, परवा "झणझणीत"वर. भाषा कोणाच्या बापाची नाही.

---

तांबटआळी | १०.२१

खडूसराव, तरी नावं चिकटतात ती चिकटतातच. आमच्या वडिलांचं सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. बघा, मीसुद्धा झेरॉक्सचं दुकानच म्हणालो! दुकानातलं यंत्र भलत्याच जपानी कंपनीचं होतं. फलकावर ठळक अक्षरांत "झेरॉक्स". वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने "छायाप्रत काढा" म्हटलं नाही. एक निवृत्त मास्तर यायचे, ते "प्रतिलिपी" म्हणायचे, तेव्हा वडील त्यांना विचारायचे, "म्हणजे झेरॉक्स ना?"

गंमत म्हणजे ते नाव त्या कंपनीने गमावलेलं नाही. ही कंपनी वर्षानुवर्षं अमेरिकेत जाहिराती देत आली, की बाबांनो, आमचं नाव क्रियापदासारखं वापरू नका, फोटोकॉपी म्हणा. म्हणजे लोकांनी आपलं नाव घेऊ नये म्हणून पैसे खर्च करायचे! धंद्यात असंही दुखणं असतं.

---

घाटावरची | १०.३०

आमच्या घरातली यादी: कोणतीही टूथपेस्ट म्हणजे कोलगेट, कोणतंही चॉकलेट म्हणजे कॅडबरी, बाटलीतलं पाणी म्हणजे बिसलरी. आमच्या सासूबाई वाण्याला म्हणाल्या होत्या, "कोलगेट द्या, पण ती लाल आयुर्वेदिक कंपनीची." वाण्याने न चुकता बरोबर दिली.

---

एसटीचा_लाल_डबा | १०.४४

या सगळ्यांचा बाप टेम्पो. टेम्पो हे जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली आणि ती तीनचाकी आपल्याकडे धावू लागली. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. पण आजही घर बदलताना आपण टेम्पोच बोलावतो, मग येऊन उभी राहणारी गाडी कोणाचीही असो. कंपनीने नाव सोडलं, महाराष्ट्राने सोडलं नाही.

तसंच पोकलेन. ती फ्रेंच कंपनी. आणि जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. आमच्या सिन्नरला विहीर खोदायची झाली की या दोघांपैकी एक परदेशी पाहुणा येतोच.

---

मिसळ_मास्तर | १०.४७

आणि तो खोदताना बघायला अख्खं गाव येतं.

---

खडूस | १०.५५

म्हणजे माझंच म्हणणं खरं. लोक म्हणतात ते नाव. कंपन्यांनी बोंबलत बसावं.

---

कलमबहाद्दर | ११.१८

खडूसराव, अर्धं खरं. वकिली करते, म्हणून थोडं लांबण लावते.

लोकांनी एखादं नाव सरसकट वापरलं, एवढ्यानेच ते नाव आपल्या कायद्यात मरत नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३६ नेमकं यावरच आहे. नोंदणीनंतर एखादा शब्द वस्तूचं नाव म्हणून वापरला जाऊ लागला, केवळ या कारणाने नोंदणी बाद ठरत नाही. बाद ठरते ती कधी, तर त्या मालाच्या व्यापारात असलेले इतर लोक तो शब्द वस्तूचं नाव म्हणून वापरतात आणि तो वापर सर्वज्ञात व रुळलेला आहे, हे सिद्ध झालं तर. म्हणजे घाटावरचीताईंच्या सासूबाई आयुष्यभर कोलगेट म्हणाल्या तरी कंपनीचं काही बिघडत नाही. उद्या दुसऱ्या टूथपेस्टवाल्यांनी आपापल्या नळीवर "अमुकची कोलगेट" छापायला सुरुवात केली आणि कंपनी वर्षानुवर्षं गप्प बसली, तर मात्र बिघडतं.

आता गोदाकाठचीताई, तुम्ही काय पाहिलंत ते पुन्हा वाचा. दुकानात मागणारं गिऱ्हाईक नव्हे, तीन उत्पादकांची छापील पाकिटं. भाऊ तापलाय तो उगाच नाही.

---

गोदाकाठची | ११.२६

बाप रे. वकीलताई, झोप उडवलीत. पण आमची तर नोंदणीच नाही. मग जाण्यासारखं आहे तरी काय?

---

कलमबहाद्दर | ११.४१

आहे. नोंदणी नसली तरी, तुमच्या नावावर दुसरा आपला माल तुमचाच म्हणून खपवत असेल तर दावा करता येतो. तो हक्क कायद्याने वेगळा राखून ठेवला आहे. शिवाय कलम ३४ प्रमाणे आधीपासून सातत्याने वापरणाऱ्याला, मागाहून येऊन नोंदणी करणारा रोखू शकत नाही. पण हे सगळं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. २०११ पासूनची बिलं, स्टिकर छापल्याच्या पावत्या, जुनी पाकिटं, जे काही असेल ते एका पेटीत भरा. आजच.

---

पेठेकर | सोमवार, सकाळी ७.१०

आधीच्या वापरावरून आठवलं. आमच्या पुण्यात बर्गर किंग नावाचं एक इराण्यांचं दुकान १९९२ पासूनचं. अमेरिकन बर्गर किंग भारतात आली २०१४ मध्ये. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीपर्यंत गेलं. पण पुणेकराने अमेरिकेला "आम्ही आधीपासून इथे आहोत" असं सुनावलं, याचं आम्हाला कौतुक वाटलं. आश्चर्य अर्थातच नाही.

---

मिसळ_मास्तर | ७.१५

पुणेकर आले. आता धागा दुपारी १ ते ४ बंद.

---

द्राक्षबागाईत | ७.५२

थोडं अवांतर, पण नाशिकचंच. नावाची राखण म्हणजे काय ते इथल्या वाइनवाल्यांना विचारा. इथे बुडबुड्यांची वाइन होते, फ्रान्समधल्याच पद्धतीने होते, पण बाटलीवर शॅम्पेन लिहीत नाहीत. कारण शॅम्पेन हा फ्रान्समधला प्रदेश आणि तिथले लोक या नावावर डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. जगभर कोणीही "आमची शॅम्पेन" म्हटलं की वकील हजर.

आपल्याकडे नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा, येवल्याची पैठणी यांना भौगोलिक मानांकन आहे. पण ते नाव एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. ट्रेडमार्क म्हणजे माझ्या एकट्याच्या विहिरीचं पाणी. मानांकन म्हणजे गावचा पाट.

ताईंच्या आईने विहीर खणली आणि गावाला पाट वाटला, असं झालंय.

---

खडूस | ८.०५

उपमा चांगली. पण पाटाचं पाणी एकदा शेतात शिरलं की परत विहिरीत भरता येत नाही.

---

औषधवाला | ९.३३

मेडिकल चालवतो, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो. ॲस्पिरिन हे बायर कंपनीचं नाव, १८९९ चं. अमेरिकेत ते १९२१ मध्ये गेलं. जर्मनीत, कॅनडात ते अजूनही ट्रेडमार्क आहे. एकच गोळी, एकच कंपनी, मग अमेरिकेतच का गेलं?

बायर तिथे बरीच वर्षं नुसती पावडर विकायची, दुसऱ्या औषध उत्पादकांना. ते तिच्या गोळ्या पाडायचे आणि आपापल्या नावाने विकायचे. लोकांपर्यंत बायर हे नाव पोचायचंच नाही, पोचायचं फक्त ॲस्पिरिन. पेटंट संपायची वेळ आली तेव्हा कंपनी जागी झाली आणि गोळीवर आपलं नाव घालू लागली. तोवर डोकेदुखीच्या गोळीचं नाव ॲस्पिरिन हे पक्कं झालं होतं. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी प्रश्न सरळ लावला, की घेणारा हा शब्द ऐकून काय समजतो? सामान्य गिऱ्हाईक समजत होतं गोळी, कंपनी नव्हे.

(याच बायरने हेरॉइन हे नावही ट्रेडमार्क म्हणून वापरलं होतं, खोकल्याच्या औषधासाठी. ते गेलं याचं त्यांना फार दुःख नसावं.)

तर ताई, एक विचारू? मिसळवाल्यांना माल कसा देता?

---

गोदाकाठची | १०.०२

मोकळा. पाच-पाच किलोच्या साध्या पिशव्यांत. वर नाव-बिव काही नसतं.

तुम्ही हे विचारलंत तेव्हाच पोटात गोळा आला.

---

औषधवाला | १०.०६

ॲस्पिरिनचा का?

---

घाटावरची | १०.०८

हसून हसून पुरेवाट!

---

तांबटआळी | १०.३०

औषधवाले, जबरी. म्हणजे मिसळवाला ती वाटीत देतो, गिऱ्हाईक विचारतं "हे काय?", पोऱ्या म्हणतो "भुरभुरी". घरी जाताना माणूस वस्तूचं नाव घेऊन जातो, आईंचं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडून स्वस्त पिशवी आली तरी वाटी तीच आणि नाव तेच.

थर्मासचंही असंच. आपण पार मराठी करून टाकलाय तो शब्द, पण तोही मुळात एका कंपनीचाच. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. त्या खटल्यात मांडलेल्या पाहणीत साधारण ७५ टक्के लोकांनी त्या बाटलीला सरळ थर्मासच म्हटलं होतं. गेलं नाव. सुरुवातीच्या काळात कंपनीनेच त्या शब्दाला घरोघरचा शब्द करायचा प्रयत्न केला होता.

---

शून्यप्रहर | ११.१५

मग गूगलचं काय? "गूगल कर" तर आमचा चार वर्षांचा पुतण्याही म्हणतो.

---

कलमबहाद्दर | ११.४०

तिकडे तो खटला झाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की क्रियापद म्हणून वापर झाला म्हणजे नाव मेलं असं नाही. शोधयंत्र या वस्तूचंच नाव गूगल झालं का, ते बघा. लोक "गूगल कर" म्हणतात, पण दुसऱ्या शोधयंत्राला "ते दुसरं गूगल" म्हणत नाहीत.

उलट उदाहरण वॉकमनचं. ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो शब्द सर्वसामान्य ठरवला. एका नावाजलेल्या जर्मन शब्दकोशात तो सरसकट त्या यंत्राचं नाव म्हणून आला होता आणि सोनीने त्यावर काही हालचाल केली नव्हती, हे तिथे महागात पडलं.

गोदाकाठचीताई, पाकिटाची पुढची-मागची बाजू नीट बघून एक सांगा. अन्न सुरक्षेच्या नियमाप्रमाणे पदार्थाचं नाव छापावं लागतं. तिथे तुम्ही काय छापलंय?

---

गोदाकाठची | १२.२०

आत्ता पाकीट हातात घेऊन बघितलं.

पुढे मोठ्या अक्षरात: भुरभुरी.
मागे: "पदार्थाचे नाव: भुरभुरी. घटक: शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, मीठ, जिरे."

चटणी हा शब्द अख्ख्या पाकिटावर कुठेच नाही.

---

खडूस | १२.२४

मी काही बोलत नाही.

---

मिसळ_मास्तर | १२.२५

वाचनखूण साठवली. खडूस बोलत नाहीयेत.

---

सिडकोकर_७ | दुपारी २.१०

सकाळपासून वाचतोय आणि लिहू की नको करतोय. लिहितोच.

ताई, त्या तीन पाकिटांतलं "लसूण भुरभुरी" माझं आहे.

देवाशपथ सांगतो, मला हे कोणाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी गेली, बायकोच्या हाताला चव आहे, म्हणून मसाले-चटण्या सुरू केल्या. एका मिसळीच्या हॉटेलात ही वाटी खाल्ली, नाव विचारलं, त्याने सांगितलं भुरभुरी. मला वाटलं, चकलीला चकली म्हणतात तसं हे त्या पदार्थाचंच नाव असणार. बाजारातून तुमचं पाकीट आणून बघितलं होतं, खोटं बोलणार नाही. पण मागे "पदार्थाचे नाव: भुरभुरी" वाचल्यावर तर खात्रीच पटली.

तुमच्या आईंच्या पोटावर पाय द्यायचा हेतू नव्हता.

---

एसटीचा_लाल_डबा | २.१८

हा धागा आता सिनेमा झालाय.

---

कलमबहाद्दर | २.४५

सिडकोकर, तुमचा प्रांजळपणा आवडला. पण वकील म्हणून सांगते, तुमचा हा प्रतिसाद कोणी छापून न्यायालयात लावला तर ताईंचं काम अवघड होईल. व्यापारातला माणूस ते वस्तूचं नाव म्हणून वापरतोय आणि ते तो ताईंच्याच पाकिटावरून शिकलाय!

ताई, घाबरू नका, अजून फार उशीर झालेला नाही. एक अडचण आहे ती उघड सांगते. खडूसरावांचा पहिला मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पदार्थाचा गुण सांगणारा शब्द नोंदवायला कलम ९ आडवं येतं. "भुरभुरी" थेट वर्णन आहे की नुसतं सूचक, यावर ट्रेडमार्क निबंधक कार्यालय कीस काढेल. अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने ते नाव तुमचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलंय हे दाखवलंत, तर वाट आहे. म्हणून ती बिलांची पेटी.

मी असते तर नुसत्या शब्दावर विसंबले नसते. घरातलं एखादं नाव जोडून आणि चित्रासकट अर्ज केला असता. वर्ग ३०, चटण्या-मसाले त्यातच येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. अर्ज केल्यावर टीएम लिहा, गोलातला आर मात्र नोंदणी होईपर्यंत अजिबात छापू नका. ते नोंदणी नसताना छापणं हाच गुन्हा आहे.

आणि अर्जापेक्षाही आधी पाकीट बदला.

---

गोदाकाठची | ३.३०

सिडकोकरदादा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो नोटिशीचा मसुदा लिहीत होता, थांबला. म्हणाला, "च्यायला, आपणच शिकवलं."

तुमचं पाकीट बदलाल का, एवढंच विचारते. घाई नाही.

---

सिडकोकर_७ | ३.५२

दोन हजार पाऊच छापून पडलेत ताई. ते संपले की बदलतो. हवं तर लेखी देतो. नवीन नाव मात्र सुचवा, मला "कोरडी लसूण चटणी"च्या पुढे काही सुचत नाही.

---

कलमबहाद्दर | ३.५५

लेखी द्याच. पाऊच किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही त्यात घाला. तोंडी समजुतीचं पुढे काय होतं ते मी रोज कोर्टात बघते.

---

शून्यप्रहर | ३.५९

सिडकोकर, "शिंतोडा".

---

घाटावरची | ४.०४

"पखरण". जरा साहित्यिक.

---

पेठेकर | ४.१०

"लसणाचा सडा". पुण्यात चालेल.

---

खडूस | ४.२२

"खडूस". तिखट आणि कोरडी. नोंदणीला ना हरकत देतो.

---

द्राक्षबागाईत | ४.४०

खडूसरावांचं घ्या! त्यात ना लसूण, ना शेंगदाणा, ना भुरभुरणं, म्हणजे वर्णनाची भानगडच नाही. नाव जितकं पदार्थापासून लांब, तितकं कायद्यात पक्कं, बरोबर ना वकीलताई?

---

कलमबहाद्दर | ४.५१

बरोबर. आणि त्यावर "खडूस कोरडी चटणी" असं पूर्ण लिहा. नुसतं खडूस नको, नाहीतर दहा वर्षांनी खडूसराव इथे धागा काढतील.

---

तांबटआळी | ५.०५

ताई, एक व्यवहाराची सूचना. मिसळवाल्यांना पाच किलोची पिशवी देता ना, तिच्याबरोबर टेबलावर ठेवायच्या झाकणाच्या छोट्या बरण्या द्या, तुमचं स्टिकर लावून. आमच्या भांडी बाजारात घाऊक दरात मिळतील. वाटीवर नाव राहत नाही, बरणीवर राहतं.

---

औषधवाला | ५.११

+१. बायरला हे वेळेवर कोणी सांगायला हवं होतं.

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

आज आईला सगळं समजावलं. डालडाचं सांगितलं, तेव्हा पटलं तिला. १९३७ पासूनचं ते नाव, आजीच्या पिढीत कोणतंही वनस्पती तूप म्हणजे डालडाच. पुढे वनस्पती तूप वाईट ठरलं, तेव्हा शिव्याही त्याच नावाला बसल्या, डबा कोणाचाही असो. आई म्हणाली, "म्हणजे उद्या कोणाच्या भुरभुरीत खवट दाणे निघाले तर लोक माझंच नाव घेतील?" तिला कलम ३६ पेक्षा हे जास्त लागलं.

नवीन पाकिटाचा मजकूर ठरला. पुढे आजीच्या नावासकट "भुरभुरी", त्याच्या खाली तेवढ्याच ठळकपणे "कोरडी लसूण-शेंगदाणा चटणी". मागे पदार्थाचे नाव: चटणी. वकीलताईंना व्यक्तिगत निरोप केला आहे. जुन्या पावत्यांची पेटी उघडली, २०११ चं स्टिकरचं बिल सापडलं. उंदराने एक कोपरा खाल्लाय, पण तारीख शाबूत आहे.

मळ्यातल्या मिसळवाल्याला भाऊ भेटून आला. त्याने फलक बदलायचं कबूल केलं, पण "चटणी एक्स्ट्रा" लिहिलं तर कोणी दहा रुपये देणार नाही म्हणाला. मग आईच म्हणाली, आमची बरणी ठेव आणि आमचंच नाव लिही. शनिवारपासून आमची भुरभुरी तिथे जाणार.

सिडकोकरदादांच्या बायकोशी आई फोनवर तासभर बोलली. ट्रेडमार्कवर पाच मिनिटं, बाकी लसूण कोणत्या बाजारात स्वस्त यावर.

---

कलमबहाद्दर | ८.२८

उंदराने खाल्लेलं बिल लॅमिनेट वगैरे करू नका. आहे तसं ठेवा.

---

खडूस | ८.३५

माझं नाव घेणार असतील तर दरमहा पाव किलो घरपोच. ही रॉयल्टी समजा.

---

मिसळ_मास्तर | ८.४०

दोन दिवस झाले. पत्ता अजून कोणी दिलेला नाही.